भाडेकरू आणि हप्तेकरू

हप्तेकरू : नऊ वर्षं झाली तुला पुण्यात भाड्याने राहून. परवा बसल्या बसल्या मी हिशेब मांडला. पहिलं घर १४ हजारांचं होतं, आता वारज्यात २२ हजार भरतेस. मधली वाढ धरली, तर आजवर जवळजवळ १९ लाख रुपये गेले. डिपॉझिट, दलाली, सामान हलवणारे टेम्पो वेगळेच. आणि हातात काय राहिलं? अकरा-अकरा महिन्यांच्या करारांची भेंडोळी. रद्दीवालाही घेणार नाही.

भाडेकरू : दादा, नऊ वर्षांत दुधावरही पाच-सहा लाख गेले असतील. दुधाचं हातात काय राहिलं, असं तू कधी विचारलं नाहीस. मी १९ लाख दिले आणि नऊ वर्षं डोक्यावर छप्पर मिळालं. वस्तू घेतली, वापरली, पैसे दिले. 'भाडं म्हणजे पाण्यात' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवलं जातं की ते तपासून बघावं असं कोणाला वाटतच नाही. पाण्यात गेलेल्या पैशांचाच हिशेब करायचा असेल तर दोन्ही घरांचा करू. मी राहते तोच फ्लॅट आज विकायला निघाला, तर ८० लाखांना जाईल. मी ६४ लाख कर्ज काढलं, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता बसतो ५५,५४१ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४५,३३३ रुपये नुसतं व्याज. मुद्दलात जातात दहा हजार दोनशे. पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले की बँकेत ३३ लाख ३० हजार गेलेले असतील आणि कर्ज उतरलेलं असेल फक्त ७ लाख ६० हजारांनी. उरलेले पावणेसव्वीस लाख कुठे गेले? ते बँकेचं भाडं. त्याच पाच वर्षांत, दर वर्षी पाच टक्के वाढ धरूनही, माझं भाडं होतं १४ लाख ६० हजार. आता सांग, पाण्यात कोणाचे जास्त गेले?

(आकडे ऐकून प्रस्तुत लेखकाने कॅल्क्युलेटर काढला. बाई बरोबर आहेत.)

हप्तेकरू : पाचव्या वर्षी थांबलीस म्हणून बरोबर आहेस. गोष्ट वीस वर्षांची आहे, तू मध्यंतरापर्यंतच पाहिलीस. माझा हप्ता व्याजदर हलला तर थोडा हलेल, पण मुळात तो एका जागी बसलेला आहे. तुझं भाडं जिना चढतंय. पाच टक्क्यांनी चढणारे २२ हजार विसाव्या वर्षी किती होतात ते काढ. ५५,५९३. म्हणजे विसाव्या वर्षी तुझं भाडं आणि माझा हप्ता पन्नास रुपयांच्या फरकाने एका पायरीवर येतात. मालकाने दरसाल दहा टक्के मागितले तर विसावं वर्षही लागत नाही, अकराव्याच वर्षी तू मला ओलांडतेस. आणि गंमत पुढे आहे. एकविसाव्या वर्षी माझा हप्ता शून्य. तुझं भाडं ५८ हजार. त्याच सुमाराला पगार थांबण्याची वेळ आलेली. पेन्शन ना तुला, ना मला. भाड्याची खरी किंमत पहिल्या वीस वर्षांत दिसतच नाही. ती पगार बंद झाल्यानंतरच्या वीस वर्षांत दिसते.

भाडेकरू : तू माझ्या हातातली रक्कम विसरतोस. घर घ्यायला पहिल्या दिवशी १६ लाख स्वतःचे घालायचे. मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट आहे, पण कर्जासाठी नवऱ्याचा पगार जोडावा लागतो, मग त्याचं नाव येतं आणि सूट जाते. नोंदणीचे ३० हजार. झाले २१ लाख ९० हजार. मी घर घेत नाही म्हणजे हे माझ्याकडे राहतात. शिवाय हप्ता आणि भाडं यातला फरक, सुरुवातीला महिन्याला साडेतेहतीस हजार, पुढे कमी कमी होत जाणारा, तोही माझ्याकडे राहतो. हे सगळं मी सात टक्क्यांनी गुंतवत गेले, तर वीस वर्षांनी माझ्याकडे साधारण १ कोटी ९७ लाख असतील. तुझं घर दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढलं तर होईल २ कोटी १२ लाख. तुझी पंधरा लाखांची आघाडी, मान्य. पण त्यात तू सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, दर सात-आठ वर्षांनी रंग, गच्चीची गळती हे काही धरलेलं नाहीस. मी मालक नाही, त्यामुळे भिंतीतली ओलही माझी नाही. आणि घर पाचऐवजी चार टक्क्यांनी वाढलं तर ते १ कोटी ७५ लाखांवर थांबतं आणि आघाडी माझी होते. माझे पैसे सातऐवजी नऊ टक्क्यांनी वाढले तर मी २ कोटी ६९ लाखांवर जाते. सगळा खेळ एक-दोन टक्क्यांचा आहे. आणि पुढच्या वीस वर्षांतले ते टक्के ना तुला माहीत, ना मला, ना बिल्डरच्या ऑफिसात सरबत देणाऱ्या त्या मुलाला.

हप्तेकरू : हिशेबात चूक नाही. एकच विचारतो, खरं सांग. ते साडेतेहतीस हजार गेल्या महिन्यात कुठे गेले?

भाडेकरू : हे तू विचारणार हे माहीत होतं. बरं, सांगते. एसआयपी चालू केली होती २० हजारांची. एकदा मोडली आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. दुसऱ्यांदा मोडली कोथरूडचं घर सोडून इकडे येताना. जुन्या मालकाने डिपॉझिट दोन महिने अडकवलं, नव्याला आधी द्यायचं होतं. आता १२ हजारांची आहे. नऊ वर्षांत १२ लाख जमले. जमायला हवे होते त्याच्या निम्मेही नाहीत.

हप्तेकरू : मग तुझे १ कोटी ९७ लाख वहीत आहेत, माझं घर जमिनीवर आहे. हप्ता ही सक्तीची भिशी आहे गं. मावशीच्या ऑपरेशनला मलाही पैसे लागले असते तर मी हप्ता मोडला नसता, दुसरीकडून आणले असते. बँक ऐकून घेत नाही म्हणून माणूस बचत करतो. तुझ्या-माझ्यासारख्या घरांत गेल्या दोन पिढ्यांत जी काही मोठी मिळकत उभी राहिली ती सगळी या धाकाने उभी राहिली. फरकाची रक्कम दर महिन्याला न चुकता गुंतवणारा भाडेकरू मी पुस्तकात वाचलाय, सोसायटीत भेटलेला नाही.

भाडेकरू : आणि शिस्त माझ्यात नाही म्हणून मी पाच वर्षांत पावणेसव्वीस लाख व्याज भरावं? दोष माझ्या हातात असेल, भाड्यात नाही. स्वभावाला औषध म्हणून कर्ज, हे म्हणजे गोड खाणं सुटत नाही म्हणून दात काढून घेणं. शिवाय तुझी भिशी एकाच घागरीत आहे. तू २०१३ मध्ये बुकिंग केलंस. पुढे २०२० पर्यंत पुण्या-मुंबईत भाव हललेच नाहीत, हे तूच सांगायचास. पझेशन २०१६ ला मिळणार होतं, ते आलं २०१८ ला. मधली वर्षं तू इकडे भाडं आणि तिकडे प्री-ईएमआय भरत होतास. 'भाडं म्हणजे पाण्यात' म्हणणारा माणूस दोन्ही विहिरींत पैसे टाकत होता.

हप्तेकरू : होतो. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. तेव्हा रेरा नव्हता. २०१७ पासून महारेरा आलं, पझेशनला उशीर झाला तर बाहेर पडून व्याजासकट पैसे मागता येतात, चटई क्षेत्राच्या व्याख्येत लबाडी करता येत नाही. मला विकलेल्या 'सुपर बिल्टअप'मध्ये जिना, लिफ्ट आणि बहुतेक वॉचमनची खुर्चीही मोजलेली होती. पण तेव्हाच्या चुकीचं खापर घर घेण्यावर फोडू नकोस. भोगवटापत्र आलेलं तयार घर घे. जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला पाच टक्के लागतो, म्हणजे तुझ्या ८० लाखांवर चार लाख.

आता माझा खरा मुद्दा ऐक. इतका वेळ आपण भाडं विरुद्ध हप्ता असं भांडतोय, पण हे भांडण मुळात तुझं नाही. तुला घर घ्यायचंच आहे, नऊ वर्षांपासून घ्यायचंय. तेव्हा भाड्याने राहण्याची तुझी किंमत हप्त्याशी लावायची नाही, थांबण्याशी लावायची. आज तुला २१ लाख ९० हजार हाताशी हवेत. तू पाच वर्षं थांबलीस आणि भाव वर्षाला पाच टक्क्यांनीच वाढले, तर तोच फ्लॅट १ कोटी २ लाखांचा होतो. इथे एक मेख आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँक घराच्या किमतीच्या ८० टक्के देऊ देते, त्यावर गेलं की ७५ टक्केच. आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातूनच द्यायचं. म्हणजे तेव्हा तुला स्वतःचे हवेत साधारण ३३ लाख. पाच वर्षांत उंबरठा ११ लाखांनी उंच झाला. महिन्याला १८ हजार बाजूला टाकत राहिलीस, तर पाच वर्षांनी तू आज आहेस तिथेच असशील. एक इंच पुढे नाही. आणि तू टाकतेस १२. वर वय. बँका नोकरदाराचं कर्ज साधारण साठीच्या आत फिटेल असं बघतात. आज छत्तीसाव्या वर्षी वीस वर्षांची मुदत सहज मिळेल. एक्केचाळीसाव्या वर्षी एकोणीस, शेहेचाळिसाव्या वर्षी चौदा. मुदत आखडली की हप्ता फुगतो. भाडं तुझे पैसे खात नाहीये, दार बंद व्हायची वेळ जवळ आणतंय.

भाडेकरू : याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. बारा लाख पडून नाहीत, सात टक्क्यांनी पाच वर्षांत तेही पावणेपाच लाखांनी वाढतील. पण तेवढ्याने तुझे ११ लाख भरून निघत नाहीत. मला हे दिसत होतं, आकड्यात कधी मांडलं नव्हतं. मांडायची भीती वाटत असेल.

तरीही दोन गोष्टी. एक, तू सांगितलीस ती भाड्याची किंमत नाही, घरांच्या भाववाढीची आहे. भाव २०१४ ते २०२० सारखे गप्प बसले, तर थांबणाऱ्याचाच फायदा होतो. त्या सहा वर्षांत भाड्याने राहून मार्जिन मनी साठवणारी माणसं शहाणी ठरली आणि कुणी त्यांचं कौतुक केलं नाही. दुसरी गोष्ट, 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती घरं विकणाऱ्यांचं सगळ्यात जुनं हत्यार आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी खाली आणलं, डिसेंबरपर्यंतच. माझ्या ऑफिसातले तिघे त्या चार महिन्यांत धावत सुटले. ८० लाखांवर दोन लाख चाळीस हजार वाचवले. कर्जाचे दर तेव्हा खूप खाली होते, रेपो चार टक्के. २०२२ च्या मे महिन्यापासून तो चढायला लागला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहावर गेला. एकाच्या कर्जाची मुदत बँकेने हप्ता न वाढवता वीसवरून सत्तावीस वर्षांवर नेली. त्याला एक पत्र आलं, बस्स. तो आता त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत हप्ते भरणार. तुझा हप्ता 'एका जागी बसलेला' आहे म्हणालास ना, त्याची मुदत मागच्या दाराने चालत असते.

हप्तेकरू : मुदत वाढवायची की हप्ता, हे आता विचारावं लागतं बँकेला, २०२३ पासून. आणि बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. दिवाळीचा बोनस आला की मी थेट मुद्दलात टाकतो. वीस वर्षांचं कर्ज माझं बारा-तेरा वर्षांत संपेल. हा उपाय भाडेकरूकडे नाही. तू मालकाला आगाऊ भाडं दिलंस तर तो खूश होईल, पण पुढच्या वर्षी वाढ मागायची थांबणार नाही.

भाडेकरू : मला राहून राहून आजोबांचा सदाशिव पेठेतला वाडा आठवतो. जन्मभर भाड्याने राहिले. चार मुलांची लग्नं त्या दोन खोल्यांतून झाली. त्यांना कोणी 'पैसे पाण्यात घातले' म्हटलं नाही, उलट मालकच चेहरा पाडून भाडं न्यायला यायचा. भाड्याने राहणं हा तेव्हा कमीपणा नव्हता, शहरात राहण्याची तीच रीत होती. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत आकडा आहे : १९६१ मध्ये भारतातल्या शहरी घरांपैकी ५४ टक्के भाड्याची होती, २०११ मध्ये २८ टक्के राहिली. पन्नास वर्षांत आपण भाड्याने राहणं जवळजवळ मोडीत काढलं आणि आता जो भाड्याने राहतो त्याला विचारतो, तुझं अडलंय का काही?

हप्तेकरू : मोडीत का निघालं तेही सांग की. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. आजोबा खूश होते कारण ते भाडं नावापुरतंच होतं. मालकाच्या अंगावर दुरुस्ती यायची, म्हणून तो करायचा नाही. वाड्याचा मागचा सज्जा पावसाळ्यात पडला तेव्हा आजी थोडक्यात वाचली, हे तुझ्या आठवणीत नसेल, माझ्या आहे. पुढे १९७३ मध्ये लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरू करून टाकलं. झालं, मालक जे घाबरले ते घाबरले. घर द्यायचं तर अकरा महिन्यांवर एक दिवसही नको. म्हणजे आजोबांना जी सुरक्षितता मिळाली तिचं बिल तुझ्या नावावर निघतंय. आणि एक गमतीची गोष्ट सांगू? तू स्वतःला भाडेकरू म्हणतेस, पण कायद्याने तू भाडेकरूही नाहीस. तुझ्या करारावर मालक 'परवाना देणारा' आहे आणि तू 'परवाना घेणारी'. घरात राहण्याची परवानगी असलेली बाई. मुदत संपल्यावर गेली नाही तर १९९९ च्या कायद्यात तिला काढायची झटपट सोय आहे.

भाडेकरू : वाचलाय करार, सगळी पानं. अकरा महिन्यांची गंमत त्याहून मोठी आहे. एक वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, म्हणून ही अकराची पळवाट निघाली. पण १९९९ च्या कायद्याने महाराष्ट्रात प्रत्येक करार नोंदवणं सक्तीचं केलं, अकरा महिन्यांचासुद्धा. म्हणजे पळवाटेतून पळून कुठेच जाता येत नाही, तरी सगळं शहर पंचवीस वर्षं त्याच वाटेने चाललंय. साठ महिन्यांपर्यंतचा करार तितक्याच पाव टक्का मुद्रांक शुल्कात नोंदवता येतो, ऑनलाइन, घरबसल्या. मी मालकांना म्हटलं, तीन वर्षांचा करू, वाढ आधीच ठरवू. ते म्हणाले, 'तुमचं बरोबर आहे हो, पण मुलगा अमेरिकेतून येईल, मुलीचं लग्न निघेल, फ्लॅट कधी लागेल सांगता येत नाही.' मुलगा सहा वर्षांपूर्वी गेलाय.

मला विचारशील तर भाड्याची लांब पल्ल्याची किंमत इथे आहे. हप्त्यात नाही, व्याजात नाही. दर अकरा महिन्यांनी दुसऱ्याच्या मुलाच्या अमेरिकेतून येण्यावर माझ्या मुलीची शाळा अवलंबून असते. नऊ वर्षांत चार घरं. प्रत्येक वेळी गॅस, आधार, बँक, शाळा, पोलीस व्हेरिफिकेशन. भिंतीत खिळा मारायला परवानगी. आणि घर बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारतात, मग 'नॉनव्हेज चालतं का तुमच्याकडे', मग भाडं. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं, सोसायटीच्या सेक्रेटरीने नवऱ्याचं आडनाव ऐकलं आणि संध्याकाळी दलालाचा फोन आला, 'मालकांचं जरा मत बदललंय.' हे कुठल्या रकान्यात मांडू? सात टक्क्यांनी वाढवू का?

हप्तेकरू : हेच तर मी…

भाडेकरू : थांब, तू म्हणतोस म्हणून मी हे बोलत नाहीये. त्याची दुसरी बाजू तूच सांग. २०२२ मध्ये तुला बेंगळुरूची नोकरी आली होती, चाळीस टक्के जास्त पगाराची. का नाही गेलास?

हप्तेकरू : …हप्ता चालू होता. फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं तर १८ हजार येत होते, माझा खरा हप्ता ३१ हजारांचा. बेंगळुरूला भाडं ३५ आणि वर दहा महिन्यांचं डिपॉझिट. गणित बसेना. बाबांचं डायलिसिसही चालू होतं, खरं सांगायचं तर. पण घर नसतं तर गेलो असतो. तिथे गेलेला माझ्याच बॅचचा एकजण आज… जाऊ दे. हा आकडा मी कधी मांडला नाही.

भाडेकरू : बघ. तू मला माझा न मांडलेला आकडा दाखवलास, मी तुला तुझा. आपल्या दोघांच्या वह्यांत सगळ्यात मोठी रक्कम लिहिलेलीच नाही.

हप्तेकरू : तरी एक फरक राहतोच. माझं नुकसान झालं ते भर उमेदीत झालं, मी दुसरं काही शोधू शकलो. तुझं नुकसान पुढे ढकललेलं आहे. सत्तरीच्या नवरा-बायकोला कोण घर देतं ते बघून ये. आमच्या सोसायटीत एका निवृत्त शिक्षक जोडप्याला दोन मालकांनी नाही म्हटलं. कारण तोंडावर सांगत नाहीत, पण मनात असतं, उद्या काही झालं तर कोणाला बोलवायचं? भाडं भरायची ऐपत होती त्यांची. तुझ्याजवळ दोन कोटी असतीलही गं. पण म्हाताऱ्या माणसाला घर पैशाने मिळत नाही, मालकाच्या धीराने मिळतं.

भाडेकरू : ही भीती मला आहे. रात्री जाग येते ती याच्यासाठी, ५८ हजारांसाठी नाही. पण म्हणून आज छत्तीसाव्या वर्षी ऐपतीबाहेरचं घर घेऊ? साठीत घर हवं, हे कबूल. मग ते आजच, इथेच, वारज्यातच, ६४ लाखांच्या कर्जावर हवं असं कुठून आलं? पंचावन्नाव्या वर्षी साठवलेल्या पैशातून सातारा रोडला, शिरवळला, नाहीतर नवऱ्याच्या गावी वाईजवळ छोटं घर घेता येईल. राहायचं घर आणि म्हातारपणाचं घर एकच असावं, हा तुझा आग्रह. नोकरीच्या जवळचं भाड्याचं आणि म्हातारपणाचं स्वतःचं, अशी दोन घरं का नकोत?

हप्तेकरू : कारण पंचावन्नाव्या वर्षीही एसआयपी कशासाठी तरी मोडलेली असेल. आणि म्हातारपणी माणसाला डॉक्टर लागतो, ओळखीचा केमिस्ट लागतो, शेजारी लागतात. ते एका जागी वीस वर्षं राहून जमतात. वाईला नवीन म्हणून जाशील तेव्हा गुडघे दुखत असतील.

सरकारकडे काही आहे का तुझ्यासाठी, ते बघितलंस?

भाडेकरू : बघितलं. पंतप्रधान आवासच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजाला अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. पुण्यात ३५ लाखांत आपल्याला पार्किंग मिळेल. म्हाडाची सोडत तीनदा भरली, तीनदा अनामत रक्कम परत आली. निदान ती वेळेवर परत येते, घरमालकांच्या मानाने पुष्कळच बरं. आणि दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी, कुलूपबंद होती. घेतलेली, हप्ते भरलेली, आणि भाड्याने द्यायची भीती वाटते म्हणून बंद. आजोबांच्या वाड्याच्या मालकाचा चेहरा अजून त्या कुलपांवर आहे. ती निम्मी जरी उघडली तरी माझं भाडं दहा टक्क्यांनी वाढवायची कुणाची हिंमत होणार नाही.

हप्तेकरू : उघडणार नाहीत. ८० लाखांवर वर्षाला २ लाख ६४ हजार भाडं, म्हणजे ३.३ टक्के. त्यातून मेंटेनन्स, कर, मधले रिकामे महिने गेले की अडीच. बँकेतल्या ठेवीवर याहून जास्त मिळतं. मालक भाड्यासाठी घर ठेवतच नाही, भाववाढीसाठी ठेवतो. म्हणून तर भाडेकरूची त्याला किंमत नाही.

भाडेकरू : म्हणजे माझा मालक ३.३ टक्क्यांत मला घर वापरू देतोय आणि तेच घर मी साडेआठ टक्क्यांच्या पैशाने विकत घ्यावं असं तू म्हणतोयस. हे तुझ्याच तोंडून आलं, बरं का.

हप्तेकरू : आलं. आणि तरीही घे म्हणतो. किती वर्षं एका जागी राहायचंय ते आधी ठरव. सात वर्षांच्या आत हलायचं असेल तर नको घेऊस, मुद्रांक आणि व्याजातच सगळं जाईल. पंधराच्या वर राहणार असशील तर वाट बघू नकोस.

भाडेकरू : आणि मधलं असेल तर? नवऱ्याची बदली दोन वर्षांत नाशिकला होऊ शकते. पोरीची दहावी सहा वर्षांनी. मला नेमकं मधलंच येतंय, दहा-बारा.

हप्तेकरू : मग मला माहीत नाही.

भाडेकरू : हे तू पहिल्यांदा म्हणालास.

हप्तेकरू : करार कधी संपतोय?

भाडेकरू : येत्या ३१ तारखेला. मालक २४ हजार म्हणतायत. मी लिहून पाठवलंय, २३ हजार, तीन वर्षांचा करार, वर्षाला पाच टक्के वाढ. अजून उत्तर नाही. आणि शनिवारी धायरीला एक रीसेल फ्लॅट बघायला जातेय, १२ वर्षं जुनी इमारत, ६२ लाख सांगतायत. तू चल बरोबर. भिंतीतली ओल तुला लगेच कळते.

हप्तेकरू : रंग नवीन दिलाय का बघ आधी. किती वाजता?

भाडेकरू : अकराला. भोगवटापत्राची प्रत आणून ठेवायला सांगितलीय.